काशीरामांच्या हातचे शीड

मी एक शीड आहे. चौदा फुटी होडीचे, पाच पट्ट्यांचे, जाड सुती कापडाचे. नवीन पनवेलच्या एका घरात, लोखंडी ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात घडी होऊन पडलो आहे. शिवला गेलो वाऱ्यासाठी. ठेवला गेलो आहे तो वारा लागू नये म्हणून. तुम्ही ऐकणार असाल, तर माझी हकीकत सांगतो. थोडक्यात सांगेन. मला शिवणाऱ्याला फार बोललेले आवडत नसे.

त्यांचे नाव काशीराम. पनवेलच्या कोळीवाड्यात त्यांचे घर. एके काळी पनवेलच्या खाडीत मोठे मालवाहू पडाव येत, आणि त्यांची शिडे काशीरामांचे वडील शिवत. पुढे खाडी गाळाने भरली. माल ट्रकांतून जाऊ लागला. काशीरामांनी शिडे सोडून ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायला घेतल्या. तीच सुई, तेच मेण लावलेले दोरे, तळहातावर तोच चामड्याचा पट्टा. हाताने कुरकुर केली नाही. मनाने केली असेल, पण मनाचे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

तीस वर्षे अशी गेली. १९८९ सालच्या चैत्रात एक गृहस्थ त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. पायांत चकचकीत बूट, हातात नकाशाची गुंडाळी.

"काशीराम तुम्हीच का? शीड शिवाल?"

काशीरामांनी मान वर केली नाही. "ट्रकला?"

"होडीला."

तेव्हा सुई थांबली.

हे गृहस्थ म्हणजे विनायकराव. तळोज्याच्या एका कारखान्यात यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची त्यांची नोकरी. नवीन पनवेलमधल्या आपल्या घराच्या अंगणात, सुट्टीच्या दिवसांत, त्यांनी स्वतः प्लायवूडची एक होडी बांधली होती. जीपच्या मागे जोडून समुद्रावर न्यायची म्हणून तिला दोनचाकी ट्रेलरही केला होता. राहिले होते शीड आणि त्याचे सामान.

काशीरामांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला. फार जवळ. मग तो परत दिला.

"सायेब, येक सांगतो, मंग ठरवा. माजे डोले चाललेत. काचबिंदू हाय. डॉक्टर बोलला, गेलं ते येनार नाय, उरलंय ते दोन वरसं. तुमी होडी दोन वरसांत पान्यात घालाल?"

"दोन वर्षं? अहो, या नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात असेल!"

"तर शिवतो. डोले हायेत तवर येकदा शीड भरलेलं बघायचं हाय मना. माज्या हातचं."

"दिला शब्द," विनायकराव म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. माझ्या साऱ्या कथेत वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाने केलेले नुकसान लोकांना दिसते. चांगल्या माणसाच्या दिरंगाईने झालेले कोणाच्या लक्षात येत नाही.

काशीरामांच्या ओटीवर मी जन्मलो. त्यांची सून वेणू कापडाचे टोक धरून बसे. ती बाजारात मासळी विके. त्या दिवसांत तिला सहावा महिना होता म्हणून घरी होती. काशीराम प्रत्येक पट्ट्याची कड सरळ न ठेवता जराशी वळवून दुमडत. दोन पट्टे जोडले की टोकांना कापड जास्त दबे, मध्ये कमी.

वेणूने एकदा निरखून पाहिले. "आबा, ही कड वाकडी जाली."

"वाकडी नाय. गरवार हाय, तुज्यासारकी."

वेणूने तोंडात धरलेला दोरा हसताना खाली पडला.

"शिडाला पोट लागतं, पोरी," काशीराम म्हणाले. "सपाट फडक्यावरून वारा घसरून जातो. पोट असलं तर आत ऱ्हातो. आत ऱ्हायला तर होडी चालते."

ही गोष्ट मी त्या ओटीवर शिकलो. ती कोणत्याही नकाशात नव्हती. नकाशात रेघ असते, आणि रेघेला पोट नसते.

चाळीस दिवसांनी मी पुरा झालो. शेवटचा टाका घातल्यावर काशीरामांनी माझ्या तिन्ही कोपऱ्यांना हळदकुंकू लावले, एकवीरा आईचे नाव घेतले आणि मला विनायकरावांच्या हाती दिले. देताना माझ्यावरून एकदा हात फिरवला. मुलगी सासरी धाडताना बाप करतो, तसा. पण ती पुन्हा कधी भेटेल हे लेकीचा बाप विचारीत नाही. काशीरामांनी विचारले.

"नारली पुनवेच्या कितव्या दिवशी?"

"चौथ्या-पाचव्या. निरोप पाठवतो."

विनायकरावांच्या घरी मला जिन्याखाली ठेवले. अंगणात होडी ट्रेलरवर उभी होती. तिला पाहून मला वाटले, आता फार वाट पाहावी लागणार नाही. दुपारी खाडीकडून खारा वारा येई. जिन्याखाली त्याचा एक धागा पोहोचे. तेवढ्याने माझा मोकळा कोपरा हले.

मग निवड सुरू झाली.

आधी डोलकाठी. विनायकरावांनी बांबू पसंत केला. नंतर सागवान बरे वाटले. नंतर ॲल्युमिनियमचा नळ. मग दोर. काथ्याचा कुजतो, सुती फुगतो, नायलॉनचा ताणतो. प्रत्येकाचा हातभर तुकडा आणून ते पाण्यात भिजत घालीत, उन्हात टांगीत आणि रोज मोजीत. मग कप्पी, म्हणजे ज्या चाकावरून दोर ओढून मला वर चढवायचे ते. लाकडाची, पितळेची, की स्टेनलेस स्टीलची? मुंबईत जुन्या जहाजांचे सामान विकणाऱ्या गल्ल्यांत ते रविवारी जात आणि हातात काहीतरी घेऊन येत. चार दिवसांनी ते परत नेऊन देत.

त्यांच्या पत्नीचे नाव वसुंधरा. बाई मोजके बोलत; पण बोलत ते लागे.

"अहो, मला पाहायला आलात तेव्हा एका भेटीत पसंत केलंत. त्या कप्पीला ही चौथी चक्कर."

"कप्पी एकदा बसवली की बदलता येत नाही गं."

"आणि मला येते?"

विनायकराव हसले, आणि पाचव्यांदा गेले.

१९८९ ची नारळी पौर्णिमा आली आणि गेली. पाचव्या दिवशी वेणू दारात आली. तिच्या कडेवर महिन्याभराची मुलगी होती.

"आबा विचारतात, कंदी?"

"कप्पी आली की लगेच. सांग त्यांना."

तिने सांगितले असेल. काशीराम काय म्हणाले, मला ठाऊक नाही. मी जिन्याखाली होतो.

पुढल्या नारळी पौर्णिमेलाही ती आली. तेव्हा डोलकाठी पुन्हा बदलायची होती. एव्हाना होडीच्या तळाशी पावसाचे पाणी साचून त्यात शेवाळ धरले होते. ज्या लाकडाने पाण्यावर जायचे, त्याच्यावर पाणी बसले होते. विनायकरावांनी ते पुसून काढले, रंगाचा नवा हात दिला, आणि रंग कोणता चांगला याचा विचार करीत राहिले.

त्यांना भीती होती, असे मला वाटते. पाण्याची नव्हे. आपल्या हातून काही उणे राहील याची. उणे राहू नये म्हणून ते आरंभच करीत नव्हते. जगात काही निर्दोष करावे ही इच्छा चांगली आहे; पण निर्दोष एक परमेश्वर आहे. बाकीच्यांनी वेळेवर असावे, इतके पुरे.

त्या वर्षीच्या मार्गशीर्षात काशीराम स्वतः आले. हातात काठी होती. पायरीशी ते अडखळले, तेव्हा विनायकरावांनी धावत जाऊन त्यांना धरले.

"सायेब, आता कडेचं दिसत नाय. मदलं दिसतं." त्यांनी दोन्ही हातांची नळी करून डोळ्यांपुढे धरली. "येवडं. पर शीड काय कडेला नसतं, मदीच असतं. येवडं बास हाय. कंदी नेता?"

वसुंधराबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी कपासाठी हात पुढे केला तो बशीच्या पलीकडे गेला. बाईंनी मुकाट्याने कप त्यांच्या हातात दिला.

"होळीच्या आत," विनायकराव म्हणाले. "शपथ."

"शपथ नको. दिवस सांगा."

विनायकराव कॅलेंडरची पाने उलटत राहिले.

त्या भेटीनंतर जे घडले, त्याची मला आजही लाज वाटते. जणू मीच ते केले. पुढच्या रविवारी विनायकरावांनी मला गच्चीवर नेले. फरशीवर पसरले. कडांना दोरी ताणून लावली, लांब पट्टी घेतली. आणि थबकले. मी सपाट बसत नव्हतो. मध्ये फुगवटा होता. त्यांनी हाताने दाबला. दुसरीकडे वर आला.

वीस वर्षे ज्यांनी ताणलेल्या कागदावर सरळ रेघा मारल्या, त्यांना फुगवटा म्हणजे चूकच वाटणार. शिवाय त्यांच्या डोळ्यांपुढे तो कप होता, बशीच्या पलीकडे गेलेला हात होता.

"बिचाऱ्याला दिसत नव्हतं," ते स्वतःशी म्हणाले. "त्याचा काय दोष."

ही दया होती. रागापेक्षा ती वाईट ठरली. राग आला असता तर त्यांनी काशीरामांना जाऊन विचारले असते, आणि उत्तर मिळाले असते. दया आली म्हणून त्यांनी विचारले नाही. वसुंधराबाईंनाही काही न सांगता त्यांनी मला बाजारातल्या एका शिंप्याकडे नेले. शिंप्याने मशीनवर माझ्या प्रत्येक जोडाला मध्यभागी खोल टीप मारली आणि सारा फुगवटा आत दाबला. जास्तीचे कापड त्याने कात्रीने छाटले नाही. "असू द्या आत, पुढे सोडवायला लागलं तर," इतकेच तो म्हणाला. देव कोणाच्या तोंडून बोलेल, सांगता येत नाही.

मी सपाट झालो. गच्चीवर पुन्हा पसरले, तेव्हा विनायकराव माझ्याकडे समाधानाने पाहत राहिले. त्या दिवशी खाडीवरून वारा आला, माझ्यावरून गेला आणि निघून गेला. आत राहण्यासारखी त्याला जागाच नव्हती.

होळी गेली. आता सगळे जमले होते. एक कडी तेवढी राहिली होती. माझा खालचा कोपरा दोराला जोडायची, बोटाएवढी, न गंजणारी. विनायकरावांच्या ओळखीचे एक गृहस्थ जहाजावर नोकरीला होते. ते परदेशातून आणणार होते. त्या कडीची वाट पाहण्यात सात महिने गेले.

भाद्रपदातल्या एका सकाळी वसुंधराबाई मासळी आणायला गेल्या. टोपलीपुढे वेणू बसली होती. पुढे जे झाले ते मी बाईंच्याच तोंडून ऐकले, कारण घरी येऊन त्यांनी ते शब्दन्‌शब्द सांगितले.

"वेणू, आबांना सांग, आता खरंच थोडे दिवस."

"घाई नका करू, वहिनी. सावकाश येऊ द्या."

"असं का म्हणतेस?"

"आबांना आता सकाल-संद्याकाल येकच."

बाईंनी पिशवी मोरीत ठेवली आणि अंगणात आल्या. विनायकराव एका स्क्रूची धार कानशीने घासत होते. बाईंनी सांगितले. कानस थांबली.

"पूर्ण गेले?"

"पूर्ण."

कानस खाली ठेवून ते म्हणाले, "ती कडी अजून..."

"सुतळी बांधा," वसुंधराबाई म्हणाल्या.

पाऊस सरला. १९९२ च्या जानेवारीत होडी जीपला जोडली गेली. माझ्या खालच्या कोपऱ्याला तिहेरी सुतळी बांधली होती. पुढच्या आसनावर काशीराम बसले. विनायकराव स्वतः त्यांना आणायला गेले होते, आणि काशीराम एका शब्दाने न रागावता निघाले होते. माणसाने क्षमा केली की नाही हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही. तो सोबत येतो की नाही यावरून कळते.

वाटेत त्यांनी हात खिडकीबाहेर धरला होता. "जासई आली," ते म्हणाले.

"कशावरून?" मागे वेणूजवळ बसलेल्या वसुंधराबाईंनी विचारले.

"हितं सगला डिझेल नि गंज. त्या बंदराच्या मोट्या लोकंडी पेट्या ठेवतात ना, त्यांचा." थोडे पुढे गेल्यावर ते म्हणाले, "आता मिठागर." उरणच्या पुढे, मोऱ्याच्या किनाऱ्याशी जीप थांबायच्या आतच त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

ट्रेलर पाण्यात मागे सारला. होडी तरंगली. विनायकरावांना मदत म्हणून किनाऱ्यावरचा सुदाम नावाचा कोळी आत बसला. काशीराम वेणूच्या आधाराने एका उपड्या होडीवर टेकले. मला वर चढवले. कप्पी छान फिरली. स्टेनलेस स्टीलचीच ती, पाचव्या चकरेत आणलेली. सुतळीनेही काही तक्रार केली नाही. ज्या कडीसाठी सात महिने आणि दोन डोळे गेले, तिचे काम सुतळीने केले.

वारा आला. अडीच वर्षे मी ज्याची वाट पाहिली तो वारा. मी त्याला धरायला गेलो आणि धरता आले नाही. थोडा ताठलो, लगेच ढिला पडून फडफडलो. सुदामने होडी वळवून पाहिली. दोर ओढला, सोडला. पुन्हा फडफड. होडी कडेकडेने घसरत राहिली. अर्ध्या तासाने ते परत आले.

विनायकराव गुडघाभर पाण्यातून चालत काशीरामांसमोर उभे राहिले. या माणसाला आनंद द्यावा, एवढेच त्या घडीला त्यांच्या मनात होते.

"भरलं हो, काशीराम! काय सुंदर भरलं!"

काशीरामांनी मान हलवली.

"सायेब, भरलेलं शीड बोलत नाय. गप ऱ्हातं. ह्ये तर मगासपासून बडबडतंय, मी ऐकतोय ना."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"मना हात लावू द्या."

मला उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी जोडांवरून बोटे फिरवली. पहिला जोड, दुसरा जोड. तिसऱ्यावर बोटे थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"ही शिवन माजी नाय."

विनायकरावांनी मग सारे सांगितले. गच्ची, पट्टी, फुगवटा, शिंपी. त्यांनी काही लपवले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. वसुंधराबाई त्यांच्याकडे पाहत उभ्या होत्या. वेणूने पदर तोंडाला लावला होता. ती रडते की रागावते हे कळत नव्हते. मग कळले.

"आबा, चला. यांची कामं अशीच."

"थांब गो." काशीराम विनायकरावांच्या आवाजाच्या दिशेने वळले. "सायेब, तुमाला वाटलं म्हाताऱ्याला दिसत नाय. पर शिवलं तवा दिसत होतं. आता नाय दिसत, आनि आता कलतंय तुमच्या शिंप्यानं काय केलंय." ते थोडे हसले. "कापड कापलं काय?"

"नाही. आतच आहे."

"तर मना द्या घरी."

त्यानंतरचे चार महिने मी पुन्हा त्या ओटीवर काढले. तेवढा काळ माझ्या आयुष्यातला मला परत मिळावा असे वाटते. काशीराम मशीनची टीप एकेक करून उसवीत. मग आपली जुनी दुमड बोटांनी शोधीत. कापडावर दुमडीची खूण राहिलेली असते. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. शिवता येत होते. सुईत दोरा मात्र ओवता येत नव्हता.

तो वसुंधराबाई ओवीत. दर गुरुवारी दत्ताच्या देवळातून त्या थेट कोळीवाड्यात येत आणि ओटीच्या पायरीवर बसून वीस-पंचवीस सुयांत दोरे ओवून ठेवीत. सुया ओळीने साबणाच्या वडीत टोचलेल्या असत. आठवडाभर काशीराम एकेक सुई उपशीत. बाईंना हे कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनीही कोणाला सांगितले नाही. विनायकरावांना कळले ते घरातला साबण सारखा संपू लागला तेव्हा.

"वहिनी, तुमचे डोले चांगले हायेत," काशीराम एकदा म्हणाले.

"चष्म्याचे आहेत."

"असू द्या. हायेत तवर वापरा."

ज्येष्ठात माझे पोट मला परत मिळाले. पावसात होड्या पाण्यात जात नाहीत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला गेला, आणि पाचव्या दिवशी विनायकराव सकाळीच जीप घेऊन दारात उभे राहिले. या वेळी निरोप विचारायला कोणाला यावे लागले नाही.

काशीरामांना होडीतच बसवले. विनायकरावांनी सुकाणू धरले. किनारा सुटला. मी वर चढलो. आधी फडफडलो, कारण होडी अजून वाऱ्याच्या तोंडाशी होती. काशीराम मान तिरपी करून ऐकत होते. विनायकरावांनी होडी हळूच वळवली.

आणि मी भरलो.

त्याचे वर्णन मला करता येत नाही. वारा आत आला आणि राहिला. पाची पट्टे, सारे जोड, एकेक टाका आपापल्या जागी ताठ झाला. ओढ लागली, डोलकाठी किंचित करकरली, होडीच्या नाकाशी पाणी कुजबुजू लागले. माझ्याकडून आवाज आला नाही.

"गप जालं," काशीराम म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "सायेब, दिसतं कसं?"

एका कप्पीबद्दल तासभर बोलू शकणारे विनायकराव. "पांढरं," ते म्हणाले. "मोठं."

"मोटं? चौदा फुटी होडीचं?" काशीराम खो खो हसले. "तुमी पडावाचं बघितलं नाय म्हनून."

हसताना त्यांनी तोंड वर केले होते. माझ्या पोटावरून परतलेला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. त्यांच्या कपाळापासून मी दोन हातांवर होतो. पूर्ण होतो, निर्दोष नसेन, पण त्यांनी मनात धरला होता तसा होतो. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे वळवले, आणि मी त्यांना दिसलो नाही.

माणसे म्हणतात, देव आपल्याला दिसत नाही, तरी तो आपल्याला पाहतो. त्या विश्वासावर ती जगतात. माझे उलटे झाले. घडवणारा समोर होता, मी त्याला पाहत होतो, आणि त्याला मी दिसत नव्हतो. दोन वर्षे आधी दिसलो असतो. दीड वर्ष आधी, नळीएवढ्या जागेतून का होईना, दिसलो असतो. त्यानंतर काय होत होते? कडी येत होती.

काशीराम १९९४ च्या शिशिरात गेले. त्याआधी ते आणखी सात वेळा होडीत बसले. ते गेल्यावर विनायकराव पाण्यावर गेले नाहीत. पुढल्या वर्षी त्यांची बदली झाली आणि होडी विकावी लागली. घेणाऱ्या गृहस्थांना रंगीत शीड हवे होते, म्हणून त्यांनी मला घेतले नाही. वसुंधराबाईंनी मला दिलेही नसते.

"हे काशीरामांच्या हातचं आहे," त्या म्हणाल्या. "हे जपायचं."

आणि जपले. बदली संपवून घरी परतल्यावरही जपले. आज १९९८ साल आहे. वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेनंतर, मला गच्चीत ऊन दाखवतात, झटकतात आणि पुन्हा ट्रंकेत घालतात. बाईंच्या हातात माया आहे. मी त्यांना दोष देत नाही. पण मला सांगू द्या की जपलेले शीड आणि कपाटातले कापड यांत फरक नसतो. गच्चीवर खाडीचा वारा येतो, पोटाशी घोटाळतो. बाई चटकन माझ्यावर वरवंटा ठेवतात, उडू नये म्हणून.

तुमच्यापैकी कोणाकडे लहान होडी असेल, तर नवीन पनवेलला या आणि मला मागून घ्या. बाई आधी नाही म्हणतील. दोनदा मागा. डोलकाठी बांबूची चालेल, दोर जुना चालेल, कडी नसली तरी चालेल. येताना घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांची नजर मंद होत चालली असेल, त्यांना सोबत घ्या आणि होडीत पुढे, माझ्या समोर बसवा. आणि या भरतीलाच या. मी भरेन. त्यांना पाहू द्या.